शाळेची बाग आणि तिचा जमाखर्च

(खेड्यांतील मंडळ्या, उपदेशक व शिक्षक यांजकरितां पाठ)

शास्त्रपाठ: लूक १४:२८-३०, २ करिंथ ८:१६-२१, यिर्मया २९:५-७, १ राजे २१:१-१६.

बुरूज बांधूं पाहणाऱ्या मनुष्याचा दाखला आपणां सर्वांस ठाऊक आहे. कामास हात घालण्यापूर्वीं तो खालीं बसतो, आपल्या पदरीं किती द्रव्य आहे तें मोजतो, आणि काम शेवटास जाईल किंवा नाहीं याचा विचार करितो. जो असें करीत नाहीं त्याचा पाया मात्र उभा राहतो, आणि वाटेनें जाणारे त्यास हंसतात. प्रभूनें हा दाखला शिष्य होण्याच्या किंमतीविषयीं सांगितला, चुना व दगड यांविषयीं नव्हे, हें खरें. तथापि त्यावरून इतकें दिसतें कीं, आधीं बसून खर्च मोजणें हें शहाणपण आहे, ही गोष्ट त्याच्या श्रोत्यांस निराळी शिकवावी लागत नव्हती. आम्हांस मात्र ती पुष्कळ वेळां शिकावी लागते. कारण आमच्यांतील कित्येक भाविक जन असें समजतात कीं, पैशांचा अंदाज करणें म्हणजे देवावरील विश्वास उणा असणें होय. आजच्या पाठांत ही समजूत आपण तपासून पाहूं, आणि ती एका लहानशा कामावरून तपासूं. तें काम म्हणजे गांवच्या शाळेंतील मुलांची भाजीपाल्याची बाग.

एक सुकलेली बाग

आम्ही ज्या कामांत स्वतः होतों त्याचीच गोष्ट सांगतों. एका गांवीं मंडळीनें शाळेस बाग करून देण्याचें मनांत घेतलें. आषाढांत प्रार्थना करून पहिली कुदळ मारिली. वर्गणी चांगली जमली होती. तिच्यांतून तारेचें कुंपण झालें, रंगविलेली पाटी लागली, आणि पहिल्या दिवशीं सर्वांस चहा व फराळ मिळाला. भाद्रपदांत भेंडी व चवळी मुलांच्या ताटांत आली, तेव्हां आम्हीं देवाचे आभार मानिले. पौषांत पालक व मेथीहि बरी आली. पुढें वैशाखांत शाळा बंद झाली. सुटींत पाणी कोणी घालावें हें ठरलें नव्हतें, कारण त्या कामाकरितां एक पैहि राखून ठेविली नव्हती. शाळेजवळ राहणारी एक विधवा बहीण कांहीं दिवस आपल्या मनानें घागरी वाहत राहिली. मग पोटासाठीं तिला मजुरीस जावें लागलें. जूनच्या शेवटीं मुलें परत आलीं तेव्हां मुनग्याच्या रोपांच्या काटक्या झाल्या होत्या. एका लहान मुलीनें आपल्या नांवाची चिठी बांधलेलें रोप उपटून पाहिलें, मुळाशीं कांहीं ओल आहे काय म्हणून.

याहून वाईट पुढें झालें. पैसे कोठें गेले, असें लोक विचारूं लागले. कोणीं एक रुपयाहि खाल्ला नव्हता. पण तें दाखविण्यास वही नव्हती. ज्या दोघां भावांनीं वर्गणी जमविली होती ते एकमेकांकडे बोट दाखवूं लागले, आणि पुष्कळ महिने तीं दोन कुटुंबें प्रभूच्या मेजाशीं एकत्र आलीं नाहींत. हा दोष आमचाहि होता. हिशेब मागणें म्हणजे भावावर अविश्वास दाखविणें असें समजून आम्ही गप्प राहिलों होतों. बाग पुन्हां लावितां येते. परंतु तुटलेला विश्वास जोडण्यास किती श्रम पडतात हें आम्हीं तेव्हां पाहिलें. दुसऱ्या कोणत्याहि मंडळीवर असा प्रसंग येऊं नये म्हणून हा पाठ लिहीत आहों.

हें काम आजचें नव्हे

शाळेंत शेतीचें शिक्षण असावें हा विचार आपल्या देशांत जुना आहे. पुण्यास स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकलेले जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर शिक्षण-आयोगापुढें निवेदन दिलें. त्यांत त्यांनीं असें मागितलें कीं, खेड्यांतील प्राथमिक शाळांत हिशेब, शेतीचें मूळ ज्ञान व आरोग्याचे नियम शिकवावे, आणि मुलांस प्रत्यक्ष करून शिकतां येईल अशीं लहान नमुन्याचीं शेतें असावीं. हिशेब व शेती हे दोन्ही विषय त्यांनीं एकाच यादींत घातले, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. १९१० च्या सुमारास सॅम हिगिनबॉटम या मिशनरी गृहस्थांनीं अलाहाबाद येथें शेतकी शिक्षणाची संस्था काढिली. १९८३ सालीं पुणें जिल्ह्यांतील पाबळ येथें डॉ. कलबाग यांनीं विज्ञान आश्रम स्थापिला. तेथें मुलें हातानें काम करून शिकतात. शाळेंतील दुपारच्या भोजनाची राष्ट्रीय योजना १९९५ सालीं सुरू झाली व २०२१ सालीं तिला पीएम पोषण हें नांव मिळालें. त्याच योजनेखालीं २०१९ सालीं केंद्र सरकारनें शाळांच्या पोषण-परसबागांविषयीं मार्गदर्शक सूचना काढिल्या. मुलांनीं शाळेंत बाग करावी व तेथील भाजी त्यांच्याच भोजनांत पडावी, असा त्यांचा हेतु आहे.

या कामाची गरज किती आहे तेंहि पाहा. २०१९ ते २०२१ या वर्षांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील सहा महिन्यांपासून पांच वर्षांपर्यंतच्या बालकांपैकीं शंभरांत सुमारें ६९ बालकांस रक्तक्षय असल्याचें आढळलें. हींच बालकें पुढें शाळेंत येतात. मुनग्याचा पाला, पालक, मेथी, धोप्याचीं पानें, चवळी यांचा उपयोग अशा मुलांस होतो. आणि जेवणाबरोबर लिंबाची फोड असली तर पालेभाजींतील लोह शरीरास अधिक लागतें. म्हणून ही बाग शाळेची शोभा वाढविण्याकरितां नव्हे, मुलांचें ताट व मुलांचा धडा यांजकरितां आहे.

धानाच्या प्रदेशांतील नमुना

भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यांतील एकोडी हें गांव आपण आपल्या विचारापुरतें नमुन्यास घेऊं. अशा गांवीं एखादी लहान मंडळी शाळेस साह्य करूं इच्छिते असें धरूं. हा प्रदेश धानाचा व तळ्यांचा आहे. वर्षांत सुमारें १३०० मिलीमीटर पाऊस पडतो. परंतु त्यांतील बहुतेक पाऊस जूनपासून सप्टेंबरपर्यंतच पडून जातो. तेव्हां बांध्यांत पाणी उभें असतें, आणि एप्रिल-मे महिन्यांत तेथेंच जमिनीस भेगा पडतात. कोहळी लोकांच्या पूर्वजांनीं या भागांत तळीं बांधिलीं तीं कशासाठीं? पाऊस असतां पाऊस नसलेल्या दिवसांची सोय व्हावी म्हणून. मिसर देशांत योसेफानें सुकाळाच्या वर्षीं पिकाचा पांचवा हिस्सा कोठारांत ठेवविला, तो याच बुद्धीनें. जो मनुष्य तळें बांधितो किंवा कोठार भरितो त्याचा देवावर विश्वास नाहीं असें आपण म्हणत नाहीं. अंदाजपत्रक हेंहि तशाच जातीचें काम आहे. पैसा हातीं असतां तो नसलेल्या महिन्यांची सोय त्यांत करावयाची असते.

विदर्भांतील शाळा उन्हामुळें जूनच्या शेवटींशेवटीं उघडतात, म्हणजे पाऊस व शाळा यांची सुरुवात बहुतेक एकदमच होते. हें बागेस सोयीचें आहे. परंतु सुटीचे सुमारें दोन महिने हे कडक उन्हाचेच महिने होत. म्हणून येथील बागेचा सर्वांत मोठा खर्च बियाण्याचा नसून सुटींतील पाण्याचा आहे. हें ज्यानें ओळखलें नाहीं त्याचा अंदाज पहिल्याच ओळींत चुकला.

आतां एकेक पायरी क्रमानें घेऊं.

१. जागा कोणाची तें पाहा

अहाब राजानें नाबोथाचा द्राक्षमळा मागितला तो आपल्या वाड्याजवळ भाजीची बाग करावी म्हणून. हेतु साधा होता; पण त्यापायीं एका निरपराध मनुष्याचा जीव गेला. शाळेच्या कडेची जागा मोकळी दिसते म्हणून ती आपली होत नाहीं. तेथें कोणी गरीब कुटुंब गोवऱ्या थापीत असेल, कोणाची शेळी बांधली जात असेल. त्यांच्याशीं आधीं बोला. शाळा सरकारी असो वा मिशनची असो, मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्या. आणि जेथें शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याप्रमाणें शाळा व्यवस्थापन समिति असते, तेथें तिच्या सभेंत ठराव करून घ्या. या पायरीस पैसा लागत नाहीं. पण ही चुकली तर पुढील सर्व पैसा व्यर्थ जातो.

२. बाग आधीं कागदावर मोजा

एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जागा. तिच्यांत १० फूट लांब व ४ फूट रुंद असे दहा वाफे बसतात. एका ओळींत पांच वाफे, अशा दोन ओळी करा. वाफ्यांच्या मध्यें व कडेनें दोन दोन फूट वाट ठेवा. एका बाजूस जी सात फुटांची पट्टी उरेल तिच्यांत खताचा खड्डा करा व मुनगा, लिंबू, कढीलिंब हीं झाडें लावा. मुनग्यास मुळाशीं उभें पाणी सोसत नाहीं, म्हणून ती पट्टी उंच बाजूस असावी. धानाच्या गांवीं वाफेहि वीतभर उंच करावे, नाहीं तर श्रावणांत भेंडी कुजेल. चार फुटांची रुंदी ठेवण्याचें कारण असें कीं, लहान मुलास दोन्ही बाजूंनीं हात पुरतो व वाफा तुडविला जात नाहीं.

३. पाणी घागरींनीं मोजा

दहा वाफ्यांचें क्षेत्र ४०० चौरस फूट, म्हणजे सुमारें ३७ चौरस मीटर. हिवाळ्यांत एका चौरस मीटरास दररोज सुमारें ४ लिटर पाणी धरावें. म्हणजे १५० लिटर, अर्थात् १५ लिटरांच्या दहा घागरी झाल्या. मे महिन्यांत ७ लिटर धरले तर २६० लिटर, म्हणजे सतरा-अठरा घागरी लागतात. इतकें पाणी त्या दिवसांत बहुधा मिळावयाचें नाहीं. म्हणून उन्हाळ्यांत पांचच वाफे चालू ठेवावे, उरलेल्यांवर पालापाचोळा पसरून ते विसांव्यास सोडावे, आणि झाडें जगवावीं. हात धुण्याचें व तांदूळ धुण्याचें पाणी बागेकडे वळविलें तर तेंहि कामीं येतें; साबणाचें पाणी मात्र पालेभाजीवर घालूं नये.

४. खर्चाचे दोन भाग करा

जो खर्च एकदां करावयाचा तो निराळा लिहावा, व जो दरवर्षीं येणार तो निराळा. पुढील आंकडे केवळ धडा समजण्याकरितां घेतले आहेत; आपल्या बाजारांत भाव विचारून आपले आंकडे घालावे.

एकदांचा खर्च:
कुंपण व फाटक (बांबू गांवांतून, तार व खिळे विकत): १,२०० रुपये.
अवजारें (कुदळी, फावडीं, खुरपीं, घमेलीं, झाऱ्या): १,८०० रुपये.
पाण्याचें पिंप व नळी: १,५०० रुपये.
एकूण ४,५०० रुपये.

दरवर्षींचा खर्च:
तीन हंगामांचें बियाणें व रोपें: ६०० रुपये.
शेणखताची वाहतूक व निंबोळी पेंड: ५०० रुपये.
किरकोळ दुरुस्ती: ४०० रुपये.
सुटींत पाणी घालणाऱ्याची मजुरी, ६० दिवस, रोज एक तास, तासास ४० रुपये: २,४०० रुपये.
वह्या, पाट्या, हात धुण्याचा साबण व जखमेवरील औषध: ६०० रुपये.
एकूण ४,५०० रुपये.

दोन्ही मिळून ९,००० रुपये झाले. यावर दहावा भाग, म्हणजे ९०० रुपये, अकस्मात् येणाऱ्या गरजेकरितां ठेवा. डुकरें कुंपण मोडतील, बी उगवणार नाहीं, नळी फुटेल. यांतील कोणती गोष्ट होईल हें आज सांगतां येत नाहीं, परंतु एखादी होईल हें निश्चित. म्हणून पहिल्या वर्षाचा अंदाज ९,९०० रुपयांचा झाला.

५. झिजेचा पैसा बाजूस ठेवा

पुष्कळ बागा दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षीं बंद पडतात, कारण अवजारें मोडतात व नवीं घेण्यास पैसा नसतो. अवजारें चार वर्षें टिकतात असें धरिलें तर १,८०० चा चौथा भाग ४५० रुपये दरवर्षीं बाजूस ठेवावा. कुंपण तीन वर्षें टिकेल, तर त्याचे ४०० रुपये. पिंप व नळी पांच वर्षें टिकतील, तर त्यांचे ३०० रुपये. हे मिळून १,१५० रुपये होतात. म्हणजे दुसऱ्या वर्षापासून बागेस ४,५०० व १,१५० मिळून ५,६५० रुपये लागतील. शाळेंत पन्नास मुलें असलीं तर एका मुलामागें वर्षास ११३ रुपये पडले. सभेंत सांगण्यास हाच आंकडा चांगला. कारण साडेपांच हजार ऐकून जो घाबरतो त्यालाहि एका मुलाचे ११३ रुपये समजतात.

६. जमेंत काय धरावें व काय धरूं नये

वीस कुटुंबांनीं महिन्यास पंधरा रुपये दिले तर वर्षाचे ३,६०० रुपये होतात. पिकाच्या उपकारस्तुतीच्या सणांत २,३०० रुपये येतील असें धरूं. शाळा समितीनें ४,००० रुपये देण्याचें मान्य केलें, तर ९,९०० रुपयांची तोंडमिळवणी झाली. परंतु येथें एक सावधगिरी पाहिजे. जें कोणीं तोंडानें सांगितलें तें जमेंत धरूं नये. जें लिहून मिळालें तें पेन्सिलीनें लिहावें. आणि जें हातीं आलें तेंच शाईनें लिहावें.

समितीचे चार हजार आले नाहींत तर काय करावें, हेंहि आधींच ठरवून ठेवा. मग हातीं ५,९०० रुपये उरतात. पांचच वाफे करा. कुंपण बोरी-बाभळीच्या काट्यांचें करा. अवजारें निम्मीं घ्या. नळी वगळून पिंपच घ्या. असें करून एकदांचा खर्च २,००० व वर्षाचा ३,३०० रुपयांत बसवा. त्यावर दहावा भाग ५३० धरून ५,८३० रुपये होतात. या कपातींत सुटींतील पाण्याचे २,४०० रुपये आम्हीं तसेच ठेविले आहेत, हें पाहा. पाटी नसली तरी बाग जगते. पाणी तोडलें तर बाकीचें सर्व फुकट गेलें. आणि जी बहीण उन्हांत पाणी घालील तिला तिची मजुरी मिळावी. कामकरी आपल्या मजुरीस योग्य आहे हें आपण शास्त्रांत वाचितों. देवाचें काम म्हणून गरिबाकडून फुकट श्रम घेणें हें औदार्य नव्हे.

भाजीच्या विक्रीचा पैसा जमेंत धरूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. १९३७ सालीं वर्ध्यास भरलेल्या शिक्षण-परिषदेंत महात्मा गांधींनीं असें मांडिलें कीं, मुलांच्या हातकामांतून शाळेचा खर्च बराचसा निघावा. त्यावर कित्येकांनीं असें भय दाखविलें कीं, असें केल्यानें मुलाच्या शिकण्यापेक्षां त्याच्या मजुरीकडेच लक्ष जाईल. तो वाद मोठ्या लोकांनीं मोठ्या प्रमाणावर केला. आपल्या गुंठाभर बागेपुरतें त्याचें उत्तर सोपें आहे. जर जमेच्या बाजूस विक्री लिहिली, तर चांगली भाजी बाजारांत जाईल व उरलीसुरली मुलांच्या ताटांत पडेल. आधीं ताट, मग बाजार. फार उरलें तर विकावें, व तो पैसा पुढील वर्षाच्या बियाण्यास ठेवावा.

७. वस्तु व श्रम हेंहि दान आहे

कोणी बांबू देईल, कोणी गाडीभर शेणखत देईल, कोणी दोन दिवस खणून देईल. हीं दानें वहींत निराळ्या रकान्यांत, त्यांची चालू किंमत घालून, देणाऱ्याच्या नांवानें लिहावीं. असें केल्यानें दोन लाभ होतात. बागेस खरोखर किती लागलें हें कळतें. आणि ज्याच्यापाशीं नगद नाहीं त्याचेंहि दान लिहिलें जातें. मंदिराच्या दानपेटीपाशीं बसून प्रभूनें विधवेच्या दोन टोल्या पाहिल्या. आपल्या वहीनेंहि त्या पाहाव्या.

८. पैसा एकाच्या हातीं नसावा

यरुशलेमेंतील गरिबांकरितां जमविलेली वर्गणी पौलानें एकट्यानें नेली नाहीं. तीतासाबरोबर मंडळ्यांनीं निवडलेला बंधु त्यानें घेतला, आणि कारणहि सांगितलें: एवढ्या मोठ्या रकमेविषयीं कोणीं दोष लावूं नये, आणि प्रभूपुढेंच नव्हे तर मनुष्यांपुढेंहि वर्तन चांगलें दिसावें. ज्या प्रेषितानें ख्रिस्तासाठीं फटके सोसले तो स्वतःच्या प्रामाणिकपणाची साक्ष मागूं देतो. मग आपण तिचा राग कां मानावा? एकानें पैसे घ्यावे, दुसऱ्यानें वही लिहावी, व महिन्याच्या शेवटीं तिसऱ्यानें दोन्ही ताडून पाहावें. या तिघांत एक बहीण असावी. दोघांच्या सहीवांचून पैसा निघूं नये. पावती नसलेला खर्च असेल तर त्याच दिवशीं लिहून दोघांनीं सही करावी. तीन महिन्यांनीं सारा जमाखर्च उपासनेनंतर मोठ्यानें वाचावा, व त्याची एक प्रत शाळेच्या भिंतीवर लावावी. हिशेब मागणारा भाऊ शत्रु नव्हे. तो खजीनदाराच्या नांवाचें रक्षण करितो.

९. बाग हीच पाठशाळा

वेळेचाहि अंदाज असावा. आठवड्यास दोन तासिका बागेस द्याव्या व त्या वेळापत्रकांत लिहाव्या. नाहीं तर बाग ही शिक्षकाच्या डोक्यावरील ओझें होईल. तिसऱ्या इयत्तेनें वाफे मोजावे. चौथीनें पाण्याच्या घागरींचा गुणाकार करावा. पांचवीनें जमाखर्चाची वही लिहावी. जी भाजी निघेल ती स्वयंपाकघरांतील तराजूवर तोलून तारीख घालून फळ्यावर लिहावी. वर्षाच्या शेवटीं अंदाज व प्रत्यक्ष खर्च शेजारीं शेजारीं मांडावे, आणि कोठें व कां चुकलें तें मुलांनींच सांगावें. आषाढांत भेंडी, चवळी, दोडकी, अंबाडी. कार्तिकांत पालक, मेथी, मुळा, वांगीं, टमाटे, वाल. उन्हाळ्यांत थोडी चवळी व भोपळा, असा क्रम ठेवावा. बियाणें व कीड यांविषयीं साकोली येथील कृषि विज्ञान केंद्रांत विचारावें.

एका गोष्टीकडे उपदेशकांनीं व शिक्षकांनीं विशेष लक्ष द्यावें. पाणी वाहणें मुलींकडे, खत कालविणें अमुक जातीच्या मुलांकडे, आणि वही धरणें उरलेल्यांकडे, असें कधींहि होऊं नये. सर्व कामें पाळीपाळीनें सर्वांस यावीं. शिक्षा म्हणूनहि कोणास बागेंत पाठवूं नये. नाहीं तर मुलें मातीचा तिरस्कार करावयास शिकतील.

१०. ही बाग सर्वांची

बाबेलांत नेलेल्या लोकांस यिर्मयानें पत्र लिहिलें कीं, तेथें घरें बांधा, बागा लावा, त्यांचें फळ खा, आणि ज्या नगरांत तुम्ही राहतां त्याच्या कल्याणाकरितां झटा व प्रार्थना करा. आपल्या मंडळ्या बहुतेक गांवीं लहान आहेत. शाळेच्या पंक्तींत आपलीं मुलें थोडीं व इतरांचीं पुष्कळ असतील. मंडळीनें दिलेल्या पैशांची भाजी सर्वांच्या ताटांत सारखी पडावी, आणि त्याबद्दल कोणाकडून कशाचीहि अट अथवा अपेक्षा नसावी. गांवास आपली साक्ष पाहावयाची असेल तर ती स्वच्छ वहींत, वेळेवर दिलेल्या मजुरींत, व जूनमध्यें मुलें परत येतील तेव्हां हिरव्या राहिलेल्या झाडांत दिसावी.

समारोप

आरंभीं आम्हीं विचारिलें होतें कीं, अंदाज करणें म्हणजे अविश्वास काय? पाऊस देवाच्या हातीं आहे, बीं उगवणें देवाच्या हातीं आहे. त्यांचा अंदाजपत्रकांत रकाना नाहीं. परंतु घागर कोणी उचलावी, तिची मजुरी कोठून द्यावी, व दिलेल्या रुपयाचा जबाब कोणीं द्यावा, हें त्यानें आपल्या हातीं दिलें आहे. जें आपल्या हातीं दिलें तें न करितां देवावर टाकणें हा विश्वास नव्हे, तो आळस होय. आणि त्या आळसाचें मोल लहान मुलें देतात. आम्हीं तें मोल एकदां त्यांच्याकडून घेतलें, म्हणून इतकें आग्रहानें लिहितों. ज्या मंडळीच्या मनांत हें काम असेल तिनें येत्या आठवड्यांत वही घेऊन बसावें, प्रार्थना करावी, आणि पहिल्या ओळींत सुटींतील पाणी लिहावें.

उपदेशकांनीं विचारावयाचे प्रश्न

१. बुरूज बांधणाऱ्या मनुष्याचा दाखला प्रभूनें कशाविषयीं सांगितला? त्यापासून आपल्या मंडळीच्या कामांकरितां काय शिकावें?
२. पौलानें वर्गणीबरोबर दुसरे बंधु कां घेतले? आपल्या मंडळींत पैसा किती जणांच्या हातीं असतो?
३. अहाब व नाबोथ यांच्या गोष्टीवरून जागा घेण्यापूर्वीं काय पाहावें?
४. आपल्या गांवच्या शाळेंत किती मुलें आहेत? मे महिन्यांत तेथें पाणी कोठून मिळतें?
५. सर्व पैसे न मिळाल्यास कोणता खर्च आधीं कमी कराल, व कोणता कधींच कमी करणार नाहीं? कारण सांगा.
६. आपल्या मंडळींतील एखाद्या जुन्या कामाचा हिशेब अजून वाचावयाचा राहिला आहे काय? तो केव्हां वाचाल?